कळीतील राळ आणि घरचे मलम

झाडाच्या कळ्या तेलात मुरवून केलेल्या मलमाने फुटलेल्या त्वचेला खरोखर आराम पडतो काय, आणि पडत असेल तर बोटाच्या पेराएवढ्या त्या कळीत असे असते तरी काय, हा प्रश्न वनस्पतींविषयी कुतूहल बाळगणारा वाचक हमखास विचारतो. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर तो अधिकच निकडीने पडतो; कारण तेथील कडक हिवाळ्यात हातापायांना भेगा पडतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नदीकाठच्या उंच झाडांखाली पडलेल्या फांद्यांवरून चिकट, सुवासिक कळ्या खुडून नेणारी माणसे त्यांच्या दृष्टीस पडतात. या मलमाला कोणी सर्व त्वचारोगांवरील रामबाण ठरवितो, तर कोणी भाबडी समजूत म्हणून ते मोडीत काढतो. दोन्ही मते घाईची आहेत. हे मलम ज्या एका गुणधर्मावर उभे आहे तो गुणधर्म प्रथम समजून घेतला, तर कळ्या खुडण्यापासून डबी भरण्यापर्यंतची प्रत्येक कृती तशीच का करावयाची हे आपोआप उलगडते, आणि या मलमाकडून कशाची अपेक्षा धरावी व कशाची धरू नये याचाही निवाडा करता येतो.

१. झाड कोणते?

ज्या झाडाच्या कळ्या या कामी घेतात ते पॉप्लर होय. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गणना पॉप्युलस या प्रजातीत करतात आणि ती प्रजाती महाराष्ट्रातील ओढ्यांच्या व नद्यांच्या काठी वाढणाऱ्या वाळुंजाच्याच कुलात घालतात. पॉप्लरच्या जाती पुष्कळ आहेत. पण मलमाच्या दृष्टीने त्यांतील दोन विशेष महत्त्वाच्या. पहिली बाल्सम पॉप्लर. लिनियसने १७५३ साली तिचे नामकरण केले, आणि न्यूफाउंडलंडपासून अलास्कापर्यंत, जेथे बहुतेक रुंदपानी वृक्ष थंडीपुढे हार मानतात तेथवर, ती पसरलेली आहे. दुसरी ब्लॅक कॉटनवुड. पॅसिफिक महासागराच्या बाजूला अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत नद्यांच्या काठी ती वाढते, पन्नास मीटरहून अधिक उंची गाठू शकते, आणि २००६ साली जिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला अशी ती वृक्षांमधील पहिली जाती आहे. युरोपात हेच काम ब्लॅक पॉप्लरच्या कळ्यांकडून घेतले जाते.

भारतातही पॉप्लर परका नाही. हिमालयात त्याच्या स्थानिक जाती आहेत, आणि पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतांच्या बांधांवर प्लायवूड व आगकाड्यांच्या कारखान्यांसाठी अमेरिकन जातीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत मात्र हे झाड रुळलेले नाही.

झाड ओळखताना खबरदारी घ्यावयाची ती एकाच जागी. हिवाळ्यात पाने नसल्यामुळे कळ्यांवरूनच ओळख पटवावी लागते, आणि हॉर्स चेस्टनट नावाच्या दुसऱ्या एका वृक्षाच्या कळ्याही मोठ्या व चिकट असतात. त्या वृक्षाच्या बिया व पाने पोटात गेल्यास विषारी ठरतात. तेव्हा गल्लत होता कामा नये. पॉप्लरच्या फांदीवर कळ्या एकाआड एक असतात, हॉर्स चेस्टनटच्या फांदीवर त्या समोरासमोर जोडीने येतात. शिवाय पॉप्लरची कळी लांबट, टोकदार व तांबूस तपकिरी असून बोटांत चुरडताच तिला मधासारखा गोड, धुपाची आठवण करून देणारा दरवळ येतो. तो दरवळ आला नाही, तर ती कळी सोडून द्यावी हे उत्तम.

२. कळीला राळ कशासाठी लागते?

वसंतात उमलणारी कळी वसंतातच तयार होत असेल अशी आपली सहज समजूत असते. वस्तुतः ती आदल्या उन्हाळ्यातच बांधली जाते. येत्या वसंतातील पहिली पाने, बारीक घड्या घातलेल्या स्थितीत, त्या कळीच्या आत असतात आणि पाच-सहा महिन्यांचा हिवाळा त्यांना तेथेच काढावयाचा असतो. बाहेर तपमान शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरते. वारा कोरडा असतो. जमिनीतील पाणी गोठल्यामुळे मुळांकडून नवा पुरवठा मिळत नाही. अशा स्थितीत कोवळ्या पानांतील ओलावा उडून गेला तर वसंतात उमलण्यास काही उरणारच नाही.

म्हणून कळीभोवती खवल्यांची आवरणे असतात, आणि त्यांच्यावर व त्यांच्या फटींत झाड एक दाट, पिवळसर तांबूस राळ स्रवते. ही राळ ओलावा आत राखते आणि बाहेरचे पाणी बाहेर ठेवते. तिच्यातील काही द्रव्ये बुरशीची व सूक्ष्मजंतूंची वाढ रोखतात. तर काही द्रव्यांची चव इतकी अप्रिय असते की, हिवाळ्यात अन्नाच्या शोधात हिंडणारे उत्तरेकडील ससेसुद्धा बाल्सम पॉप्लरच्या कोवळ्या, राळयुक्त डहाळ्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. एकाच द्रव्यसमूहाकडून कोरड, ओल, कुजणे आणि कुरतडणे या चारही संकटांचा बंदोबस्त झाडाने केलेला आहे.

या राळेची किंमत माणसाच्या आधी मधमाश्यांनी ओळखली. युरोप व उत्तर अमेरिकेतील पाळीव मधमाश्या पॉप्लरच्या कळ्यांवरून ती जबड्यांनी खरवडतात, मागच्या पायांवरील परागाच्या टोपल्यांत भरून पोळ्यात नेतात, तिने फटी बुजवितात आणि आतला पृष्ठभाग सारवून काढतात. पेटीत शिरून मेलेला उंदीर त्यांना बाहेर ओढून नेता येत नाही. तेव्हा त्या त्याच्यावर याच राळेचा लेप चढवितात आणि ते प्रेत न कुजता सुकून जाते. प्रोपोलिस या नावाने बाजारात मिळणारा पदार्थ तो हाच, आणि समशीतोष्ण प्रदेशांत त्याचा मुख्य उगम पॉप्लरच्या कळ्या हाच होय.

३. राळ तेलातच का उतरते?

आता या प्रकरणाच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. पावसाने व बर्फाने धुऊन जाऊ नये अशीच ज्या द्रव्याची रचना आहे, ते द्रव्य पाण्यात विरघळणार नाही हे उघड आहे. कळ्या खुडून आलेल्या माणसाला हा अनुभव ताबडतोब येतो: बोटांना लागलेली राळ साबण-पाण्याने कितीही चोळले तरी सुटत नाही, आणि तेलाचा किंवा स्पिरिटचा बोळा फिरविताच निघून येते. स्वयंपाकघरातील हिंग हाही एका वनस्पतीचा राळ-डिंकच आहे. थंड पाण्यात टाकलेला हिंगाचा खडा बराच वेळ तसाच पडून राहतो. पण गरम तेलाच्या फोडणीत चिमूटभर हिंग पडला की त्याचा वास घरभर होतो. पॉप्लरच्या कळीचे वर्तन नेमके असेच आहे.

या एका गोष्टीतून मलमाची सगळी कृती निघते. राळ तेलात उतरते, म्हणून कळ्या तेलात मुरवावयाच्या. पाणी तिला विरघळवीत नाही आणि तेलाला मात्र बिघडविते, म्हणून पाण्याचा अंश कटाक्षाने दूर ठेवावयाचा. सुगंधी द्रव्ये फार उष्णतेने उडून जातात, म्हणून आच मंद ठेवावयाची. आणि तेल त्वचेवरून ओघळून जाते, म्हणून त्याला मेणाने घट्टपणा आणावयाचा.

याच गोष्टीतून एका प्रचलित समजुतीचे निराकरणही होते. वाळुंजाच्या कुलातील झाडांत सॅलिसिन नावाचे द्रव्य असते. १८२८ साली म्युनिक येथे बुखनर याने ते वाळुंजवर्गीय झाडाच्या सालीतून वेगळे केले, आणि त्या संशोधनाच्या वाटेनेच पुढे १८९७ साली बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरीन सिद्ध झाले. यावरून पॉप्लरच्या कळ्यांचे मलम म्हणजे निसर्गातील ॲस्पिरीनच, असे सांगण्याची चाल पडली आहे. परंतु सॅलिसिन पाण्यात विरघळते, तेलात ते फारसे उतरत नाही. आणि त्याचे सॅलिसिलिक आम्ल होते ते मुख्यत्वे पोटात गेल्यानंतर. तेलात येतात ती राळेतील सुगंधी तेले, कॅफेइक व सिनॅमिक आम्लांपासून झालेली काही संयुगे, आणि पिनोसेम्ब्रिनसारख्या फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्यांचा काही अंश. मलमाला जो काही गुण आहे त्याचे श्रेय या मंडळींना द्यावयास हवे.

४. ही युक्ती माणसाला केव्हापासून ठाऊक आहे?

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. क्री लोक, अलास्कातील देनाइना लोक आणि पॅसिफिक किनाऱ्यालगतचे अनेक समाज पॉप्लरच्या कळ्या प्राण्यांच्या चरबीत कढवून जखमांवर व फुटलेल्या त्वचेवर लावीत. त्यांच्याजवळ ऑलिव्हचे तेल नव्हते, पण अस्वलाची चरबी होती. आणि राळेच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही स्निग्ध पदार्थ सारखेच उपयोगी. युरोपातही मध्ययुगीन वैद्यांच्या संग्रहांत ‘उंग्वेंटम पॉप्युलेउम’ नावाचे मलम आढळते. त्यात पॉप्लरच्या कळ्या डुकराच्या चरबीत कढवीत, आणि वेदना शमविण्यासाठी अफू व बेलाडोना यांसारख्या विषारी वनस्पतीही घालीत. तो पाठ आज कोणी घरी करू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शासनाने वनौषधींची छाननी करण्यासाठी ‘कमिशन ई’ ही तज्ज्ञांची समिती नेमली. वरवरच्या त्वचाजखमा, बाह्य मूळव्याध, हिमदाह आणि उन्हाने भाजलेली त्वचा यांवर पॉप्लरच्या कळ्या बाहेरून लावण्यास त्या समितीने मान्यता दिली.

इंग्रजी भाषकांनी या मलमाला बायबलमधील गिलाद प्रांताच्या सुप्रसिद्ध बाल्समाचे नाव दिले आहे. बायबलमधील ते बाल्सम, म्हणजे सुगंधी राळ, अरबस्तानाकडील एका झुडपाचे असावे असे काही अभ्यासक मानतात; ते झुडूप आपल्या गुग्गुळाचे सजातीय होय. पॉप्लरचा त्याच्याशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही.

आपल्याकडे याला समांतर परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी डिकेमाली ही दख्खनच्या रानांतील गार्डेनिया वर्गातील झाडांच्या कळ्यांवर व कोवळ्या शेंड्यांवर साचणारी राळच आहे. गुरांच्या जखमांवर माश्या बसू नयेत म्हणून गुराखी तिचा उपयोग करीत आले आहेत. शालवृक्षाची राळ तेलात घोटून केलेले राळेचे मलम जुन्या घरांतून असे. आणि मुठेल म्हणून कोकणात ओळखले जाणारे कोकमाचे तेल टाचांच्या भेगांवर लावण्याचा प्रघात आजही आहे. झाडे निराळी, देश निराळे, तत्त्व एकच.

५. कळ्या केव्हा आणि कशा गोळा कराव्या?

हिवाळ्याचा शेवट आणि वसंताचा आरंभ हा कळ्या गोळा करण्याचा काळ. त्या वेळी कळ्या फुगलेल्या असतात, राळ भरपूर असते, आणि पाने अजून उमललेली नसतात. कळीचे टोक हिरवे होऊन फुटू लागले की राळेचे प्रमाण उतरते, आणि मग श्रम करण्यात अर्थ राहत नाही.

कळ्या उभ्या झाडावरून तोडण्याऐवजी पडलेल्या फांद्यांवरून घ्याव्या, हा या कामातील पहिला दंडक. फांदीच्या टोकाची कळी तोडणे म्हणजे त्या फांदीची त्या वर्षीची वाढ तोडणे होय. पॉप्लरचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे वादळानंतर झाडाखाली फांद्यांचा सडा पडतो आणि एका वाऱ्याच्या रात्रीनंतर एका कुटुंबाला वर्षभर पुरतील एवढ्या कळ्या जमिनीवरच मिळतात. घ्यावयाच्याच झाल्या तर उभ्या झाडावरून बाजूच्या थोड्याच कळ्या, आणि त्याही अनेक झाडांवरून विखरून घ्याव्या.

जागेचाही विचार करावा. राष्ट्रीय उद्यानांत वनस्पतींचे भाग नेण्यास साधारणतः मज्जाव असतो. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्यावी लागते. आणि हमरस्त्याच्या कडेची किंवा औषधफवारणी झालेल्या शेतालगतची झाडे वर्ज्य समजावी, कारण राळ जशी बोटांना चिकटते तशीच धूळ व घातक द्रव्येही तिला चिकटतात. कळ्या काचेच्या किंवा कागदी पात्रात ठेवाव्या; कापडी पिशवीला लागलेला डाग सहजासहजी जात नाही.

६. पाण्याचा अंश का काढावयाचा?

ताज्या कळीत राळेबरोबर आतील कोवळ्या पानांचे पाणीही असते. ते पाणी तेलात उतरले तर तळाशी साचते, त्यात बुरशी व जंतू वाढतात, आणि तेलाला आंबूस वास येतो. म्हणून कळ्या सच्छिद्र कागदावर पसरून, सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस सुकू द्याव्या. त्या अगदी कडक वाळण्याची आवश्यकता नाही. पृष्ठभागावरील ओल गेली आणि कळ्या किंचित सुरकुतल्या की पुरे.

तेलातील पाण्याचा हा प्रश्न आपल्या वैद्यांनी फार पूर्वी सोडविला आहे. औषधी तेले सिद्ध करण्याचे जे प्रमाण शार्ङ्गधरसंहितेत दिले आहे, त्यात वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल चार भाग आणि पाणी किंवा काढा सोळा भाग घेतात, आणि सगळे पाणी आटेपर्यंत तेल कढवितात. पाणी पूर्ण आटले की नाही हे पाहण्यासाठी कल्काची बोटांनी वात वळावी आणि ती विस्तवावर धरावी; तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, आवाज आला नाही तर तेल सिद्ध झाले. तडतडणे म्हणजे पाण्याच्या थेंबाची अकस्मात वाफ होणे. आजची प्रयोगशाळाही या परीक्षेत दोष काढू शकणार नाही. पॉप्लरच्या तेलासाठीही ही परीक्षा अवश्य वापरावी: तळातील तेलाचे दोन थेंब कागदाच्या सुरळीवर घेऊन ती पेटवावी आणि कान देऊन ऐकावे.

७. तेल कसे मुरवावे?

तेल कोणते घ्यावे हे देशकालावर ठरते. ऑलिव्हचे तेल पाश्चात्त्य घरांत प्रचलित आहे. तिळाचे तेल तितकेच योग्य. त्यात खवटपणा लांबविणारी नैसर्गिक द्रव्ये असल्यामुळे ते अधिक टिकते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, त्यामुळे कॅनडाच्या थंडीत त्यात कळ्या मुरविणे अडचणीचे होते. मोहरीचे तेल त्वचेला झोंबते, ते घेऊ नये.

मुरविण्याच्या रीती दोन. पहिली सावकाशीची: कोरड्या, निर्जंतुक केलेल्या काचेच्या बरणीत कळ्या घालाव्या, त्या पूर्ण बुडून वर दोन बोटे तेल राहील असे तेल ओतावे, झाकणाऐवजी तोंडाला दाट विणीचे स्वच्छ फडके बांधावे, आणि बरणी उबदार जागी चार ते सहा आठवडे ठेवावी. फडके बांधण्याचे कारण असे की, उरलासुरला ओलावा वाफेच्या रूपाने निघून जाण्यास वाट हवी. अधूनमधून कोरड्या चमच्याने ढवळावे, आणि तेलाबाहेर डोकावणारी कळी खाली दाबावी, कारण बुरशी प्रथम तेथेच धरते.

दुसरी रीत ज्यांना तातडी आहे त्यांच्यासाठी. पातेल्यात पाणी घेऊन त्यात कळ्या व तेल घातलेले दुसरे भांडे ठेवावे आणि मंद आचेवर, तेल सुमारे ५० ते ६० अंशांच्या आत राहील अशा बेताने, चार-पाच तास तापवावे. तेलाला हात लावण्याचे कारण नाही. त्यातून धूर वा बुडबुडे येत नाहीत आणि सुगंध मंदपणे दरवळतो आहे, एवढे पाहिले म्हणजे झाले. वास भपकन घरभर पसरू लागला तर समजावे की आच वाढली आहे, आणि जे मलमात राहावयाचे ते हवेत चालले आहे.

तेल सोनेरी तांबूस झाले की दाट फडक्यातून गाळून घ्यावे, एक रात्र स्थिर ठेवावे, आणि तळाशी गढूळ थर दिसला तर वरचे स्वच्छ तेल तेवढे अलगद ओतून घ्यावे.

८. मेणाचे प्रमाण कसे काढावे?

मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांवर वितळते आणि थंड झाल्यावर तेलाला आपल्या जाळ्यात धरून ठेवते. मेण जितके अधिक तितके मलम घट्ट. आयुर्वेदातील सिक्थतैल हे याच युक्तीचे उदाहरण. त्यात मेण एक भाग आणि तिळाचे तेल सुमारे पाच भाग घेतात.

एक उदाहरण करून पाहू. अर्धवट सुकलेल्या १०० ग्रॅम कळ्या आणि ३०० ग्रॅम तेल घेतले. काही तेल कळ्यांनी व फडक्याने धरून ठेविले आणि गाळल्यावर २४० ग्रॅम तेल हाती आले असे समजा. मध्यम घट्टपणासाठी मेण तेलाच्या एकषष्ठांश घ्यावे: २४० भागिले ६, म्हणजे ४० ग्रॅम. एकूण मलम २८० ग्रॅम होईल आणि ३० ग्रॅमच्या नऊ डब्या भरून थोडे उरेल. हेच मलम विदर्भातील उन्हाळ्यात वापरावयाचे असेल तर मेण एकपंचमांश, म्हणजे ४८ ग्रॅम घ्यावे, नाही तर ते डबीत पातळ होईल. उलट कॅनडाच्या हिवाळ्यात ते बोटाला सहज लागावे यासाठी एकअष्टमांश, म्हणजे ३० ग्रॅम मेण पुरे.

मेणाचे बारीक तुकडे तेलात टाकून ते भांडे पुन्हा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. उघड्या विस्तवावर मेण कधीही वितळवू नये, कारण ते पेट घेऊ शकते. मेण विरघळले की एक थेंब थंड बशीवर टाकून दोन मिनिटांनी बोटाने दाबून पाहावे. फार मऊ वाटला तर चिमूटभर मेण आणि फार कडक वाटला तर चमचाभर तेल वाढवावे. मग कोरड्या डब्यांत ओतून, पूर्ण निवाल्यावर झाकणे लावावी आणि वर तारीख, तेलाचे नाव व झाडाचे नाव लिहावे. पाणी नसल्यामुळे या मलमाला परिरक्षकाची गरज पडत नाही. थंड व अंधाऱ्या जागी ते सुमारे वर्षभर टिकते. खवट वास आला तर टाकून द्यावे.

९. त्वचेवर ते काय करते?

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो, आणि त्या पेशींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. आतील ओलावा टिकविणे हे त्या थराचे काम. कोरडी थंडी, वारंवार धुणे आणि तीव्र साबण यांनी ती स्निग्धता निघून जाते, ओलावा उडतो, थर आक्रसतो आणि भेगा पडतात. मलमाचे पहिले व सर्वांत खात्रीचे कार्य म्हणजे त्या उघड्या पडलेल्या थरावर तेल-मेणाचे आवरण घालणे. त्याखाली ओलावा टिकतो आणि त्वचा स्वतःच आपली दुरुस्ती करते. हे काम साधे मेण-तेलही करील, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. राळेची भर पडते ती पुढची: प्रयोगशाळेत ती सूक्ष्मजंतूंना रोखते, दाह कमी करण्याचा काही गुण तिच्यात आढळतो, आणि तेलाचे खवट होणेही ती लांबविते. ही भर मोलाची आहे. परंतु ती मूळ कार्याची जागा घेत नाही.

यावरून उपयोगाची वेळही ठरते. आवरणाने ओलावा राखावयाचा, तर आधी ओलावा असावयास हवा. म्हणून स्नानानंतर किंवा हात धुतल्यावर त्वचा किंचित दमट असतानाच पातळ थर लावावा. भेगाळलेल्या टाचा, फुटलेले हात, किरकोळ खरचटणे यांसाठी हे मलम योग्य आहे.

१०. कोठे थांबावे?

मधमाश्यांच्या प्रोपोलिसने काहींच्या त्वचेला पुरळ उठते, आणि त्याला कारण असणारी द्रव्ये पॉप्लरच्या कळीतूनच आलेली असतात. म्हणून प्रोपोलिस, मेण किंवा पेरू बाल्सम नावाची सुगंधी राळ यांची बाधा ज्यांना होते, त्यांनी हे मलम लावू नये. सॅलिसिन तेलात फारसे उतरत नसले, तरी सावधगिरी म्हणून ॲस्पिरीन सोसत नाही अशांनीही दूर राहावे. इतरांनी प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. तान्ह्या मुलांना ते लावू नये.

भाजलेल्या जागी ताबडतोब तूप, तेल किंवा मलम चोपडण्याची आपल्याकडील सवय अपायकारक आहे. स्निग्ध थर उष्णता आत कोंडतो. भाजल्याबरोबर ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी, हाच योग्य प्रथमोपचार. खोल जखम, प्राण्याचा चावा, गंजक्या लोखंडाने झालेली इजा, पू धरलेला व्रण आणि मधुमेही माणसाच्या पायाची लहानशीही जखम, यांपैकी एकही गोष्ट घरच्या डबीच्या अधिकारात येत नाही; तेथे डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे: होय, पॉप्लरच्या कळ्यांच्या मलमाने फुटलेल्या त्वचेला आराम पडतो, कारण तेल-मेणाचे आवरण त्वचेचा ओलावा राखते, आणि कळीचा ओलावा राखण्यासाठी झाडाने जी राळ निर्माण केली ती तेलात उतरून त्या आवरणाला जोड देते. याहून अधिक दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि एवढेही नाकारणाऱ्याचे ऐकू नये. ज्या वाचकाच्या परिसरात पॉप्लर आहे त्याने पुढच्या वादळानंतर पडलेल्या फांद्यांवरून मूठभर कळ्या जरूर आणाव्या, थोड्या प्रमाणात हे मलम करून पाहावे. आणि ज्याच्या परिसरात नाही त्याने कोकमाच्या तेलाकडे, राळेकडे आणि डिकेमालीकडे याच चिकित्सक दृष्टीने पाहण्यास आरंभ करावा.